संशोधनाची मोजदाद आणि बाळकुमचा हिशेब

जून २०२० मध्ये ठाणे महानगरपालिकेने बाळकुम येथे करोनाग्रस्तांसाठी एक हजार खाटांचे रुग्णालय उभे केले. कापूरबावडीहून कशेळीच्या पुलाकडे आणि पुढे भिवंडीकडे जाणाऱ्या जुन्या आग्रा रस्त्यावरचे हे गाव त्या वर्षी सबंध जिल्ह्याच्या तोंडी झाले. प्राणवायूची नळी, ताप मोजण्याचे यंत्र, घशातील स्रावाची तपासणी आणि पुढे लस या शब्दांना तेथे जीवनमरणाचा अर्थ आला. संशोधन ही प्रयोगशाळेच्या भिंतीआड चालणारी, सामान्य माणसाशी संबंध नसलेली बाब आहे, हा समज त्या एका वर्षाने खोटा ठरविला. लस लौकर मिळेल की उशिरा, आणि ती देशात तयार होईल की परदेशातून मागवावी लागेल, हा प्रश्न शिक्षकाच्या, कारकुनाच्या आणि विद्यार्थ्याच्या घरातला प्रश्न झाला.

नेमक्या त्याच वर्षाचा, म्हणजे २०२०-२१ चा, देशाच्या संशोधनखर्चाचा आकडा केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत दिला आहे. संशोधन व विकास यांवर भारताने त्या वर्षी सुमारे १,२७,३८१ कोटी रुपये खर्च केले आणि ही रक्कम स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या शेकडा ०.६४ होती. या एका आकड्यावर संसदेत प्रश्न विचारले जातात, परिसंवाद भरतात आणि अग्रलेख लिहिले जातात. दक्षिण कोरिया शेकडा साडेचारांहून अधिक, अमेरिका व जपान तिनाहून अधिक, चीन दोनाहून अधिक, आणि भारत एकाच्याही आत, ही तुलना आता पाठ्यपुस्तकांतही स्थिरावली आहे. तुलना खोटी नाही. परंतु हा आकडा कसा तयार होतो, त्यात काय येते आणि त्यातून काय निसटते, याचा विचार क्वचितच होतो. तो केल्याशिवाय खर्च वाढविण्याची मागणी आणि तो पुरेसा असल्याचा दावा या दोहोंना सारखेच पोकळ म्हणावे लागेल.

व्याख्येचा प्रश्न

विज्ञानावरील राष्ट्रीय खर्च मोजण्याची कल्पना फार जुनी नाही. १९३९ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांनी विज्ञानाच्या सामाजिक कार्यासंबंधीच्या आपल्या ग्रंथात ब्रिटनचा असा खर्च अंदाजला आणि तो राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा ०.१ च्या आसपास असल्याचे दाखविले. महायुद्धानंतर सर्वच प्रगत राष्ट्रांत हा खर्च झपाट्याने वाढला, आणि प्रत्येक देश आपापल्या पद्धतीने तो मोजू लागल्याने तुलना अशक्य झाली. तेव्हा जून १९६३ मध्ये रोमजवळच्या फ्रास्काती या गावी आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या तज्ज्ञांची बैठक भरली. क्रिस्तोफर फ्रीमन या अर्थशास्त्रज्ञाने तयार केलेल्या मसुद्यावरून तेथे मोजणीची एक नियमपुस्तिका सिद्ध झाली. त्या गावाच्या नावानेच ती आज जगभर ओळखली जाते. तिची सातवी आवृत्ती २०१५ मध्ये निघाली. युनेस्कोनेही १९७८ मध्ये विज्ञानविषयक आकडेवारीच्या एकसूत्रीकरणाची शिफारस केली.

या पुस्तिकेनुसार एखादे काम संशोधन ठरण्यासाठी पाच कसोट्या आहेत. त्यात नवे काही शोधण्याचा हेतू असला पाहिजे. ते सर्जनशील असले पाहिजे. त्याचे फळ आधीपासून निश्चित नसले पाहिजे. ते योजनापूर्वक केलेले असले पाहिजे. आणि त्याचा निष्कर्ष दुसऱ्याला पडताळून पाहता आला पाहिजे. अशा कामाचे मूलभूत संशोधन, उपयोजित संशोधन आणि प्रायोगिक विकास असे तीन वर्ग पाडण्यात आले आहेत.

कागदावर हे सारे सुटसुटीत वाटते. करोनाच्या वर्षाला या कसोट्या लावल्या की अडचण कळते. हैदराबादच्या भारत बायोटेकने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुण्यातील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या साहाय्याने कोव्हॅक्सिन ही लस तयार केली, हे निःसंशय संशोधन. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या शोधावर आधारलेली कोव्हिशील्ड लस कोट्यवधी मात्रांत बनविली. हे उत्पादन देशाला तारणारे ठरले, तरी या व्याख्येत उत्पादन म्हणजे संशोधन नव्हे. मात्र त्या लसीच्या परवान्यापूर्वीच्या चाचण्या संशोधनात मोडतात. बाळकुमच्या रुग्णालयातील उपचार हे संशोधन नव्हे. परंतु तेथील केसपेपरांचा पद्धतशीर अभ्यास करून कोणत्या रुग्णाला प्राणवायूची गरज आधी भासते याचा निष्कर्ष कोणी काढला, तर ते संशोधन होते. इमारत तीच, डॉक्टर तेच, कागदही तेच. हेतू आणि पद्धत बदलली की खर्चाचा रकाना बदलतो.

कारखान्यांच्या पट्ट्यात

बाळकुमपासून कोलशेतपर्यंतच्या पट्ट्याला ही गोष्ट नवी नाही. स्वातंत्र्यानंतरच्या काळात येथे औषधे, रंग व रसायने यांचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. बाळकुमला रोश या स्विस कंपनीचा औषधांचा कारखाना होता. १९९३ मध्ये रोश प्रॉडक्ट्स ही कंपनी पिरामल समूहाकडे गेली. कोलशेतला सँडोझ होती, पुढे तिच्या रसायनविभागाची क्लॅरिअंट झाली. त्याच मार्गावर बायर होती. अशा प्रत्येक कारखान्याला प्रयोगशाळा असतेच. रसायनशास्त्राची पदवी घेतलेला तरुण तेथे पांढरा कोट चढवून परीक्षानळ्यांशी काम करताना दिसला की घरचे लोक अभिमानाने म्हणत, मुलगा संशोधनात आहे. फ्रास्कातीच्या नियमांनुसार मात्र तो बहुधा संशोधनात नसे. तयार मालाची शुद्धता तपासणे, आलेल्या कच्च्या मालाचा नमुना पारखणे, हे गुणनियंत्रण झाले. तोच तरुण दुपारनंतर एखादी रासायनिक प्रक्रिया कमी पायऱ्यांत करता येईल काय याचे प्रयोग करू लागला आणि त्याचे उत्तर त्याला अगोदर ठाऊक नसले, तर त्या तासांपुरता तो संशोधक ठरतो. एकाच माणसाचा पगार अशा रीतीने दोन रकान्यांत विभागावा लागतो. तो विभागायचा कोणी, आणि कशाच्या आधारे?

या पट्ट्याला लागूनच असलेल्या मुलुंडला हेक्स्ट या जर्मन कंपनीचे संशोधन केंद्र होते. ज्या वनस्पतीच्या मुळांचे आपल्याकडे लोणचे घालतात, त्या माईनमुळातून फोर्स्कोलिन हे द्रव्य तेथील शास्त्रज्ञांनी वेगळे केले आणि १९७७ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. पेशीच्या आत संदेश कसे वाहतात याचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत हे द्रव्य आजही वापरले जाते. १९९८ मध्ये हे केंद्र निकोलस पिरामल कंपनीने घेतले. पैसा जर्मन कंपनीचा, वनस्पती भारतीय, शास्त्रज्ञांत भारतीयांचा मोठा भरणा: असे काम कोणत्या देशाच्या खाती मांडायचे? येथे नियम स्पष्ट आहे. पैसा कोठूनही येवो, काम ज्या भूमीवर झाले त्या देशाच्या देशांतर्गत संशोधनखर्चात ते धरायचे. आज परदेशी कंपन्यांची अनेक तांत्रिक केंद्रे भारतात असताना या नियमाला मोठे महत्त्व आले आहे. एखाद्या केंद्रात भारतीय अभियंते नव्या यंत्राची रचना करतात, पण हिशेबात ती सेवांची निर्यात म्हणून दाखविली जाते. अशा केंद्राकडून संशोधनाची प्रश्नावली भरून आली नाही, तर ते काम देशाच्या संशोधनाच्या आकड्यात येणारच नाही. म्हणजे ०.६४ हा आकडा काही ठिकाणी वास्तवाहून कमीही असू शकतो.

याच्या उलट, जे नाहीसे झाले त्याचीही नोंद या आकड्यात दिसत नाही. कोलशेतची क्लॅरिअंटची जमीन विकण्याचा व्यवहार २०१४ मध्ये ठरला, तो सुमारे ११५४ कोटी रुपयांना. आज बाळकुम-कोलशेत भागात निवासी मनोरे उभे आहेत आणि त्यांत राहणाऱ्यांना जमिनीचा पूर्वेतिहास ठाऊक असण्याचे कारण नाही. कारखाने शहराबाहेर जावेत हे प्रदूषणाच्या व लोकवस्तीच्या दृष्टीने योग्यही असेल. परंतु कारखाना उठतो तेव्हा त्याबरोबरची प्रयोगशाळा दुसरीकडे जाते की विझते, याची मोजदाद करणारे कोणतेही कोष्टक जिल्ह्याला उपलब्ध नाही. त्या जमिनीच्या किमतीशी एक तुलना मात्र करून पाहण्यासारखी आहे. २०२०-२१ मध्ये देशाच्या एकूण संशोधनखर्चात उच्चशिक्षण क्षेत्राचा वाटा शेकडा ८.८, म्हणजे सुमारे ११,२०० कोटी रुपये होता. दोन्ही रकमा वेगवेगळ्या वर्षांच्या आहेत हे मान्य करूनही म्हणता येईल की, सबंध भारतातील विद्यापीठांत व महाविद्यालयांत वर्षभरात झालेला संशोधनखर्च कोलशेतच्या अशा दहा जमिनींच्या किमतीइतकाच होता.

आकडा जन्मतो कोठे?

राष्ट्रीय आकडा दिल्लीत प्रसिद्ध होतो, पण त्याचा जन्म दिल्लीत होत नाही. तो एखाद्या महाविद्यालयाच्या कार्यालयात, कारखान्याच्या लेखाविभागात किंवा शासकीय संस्थेच्या आस्थापना शाखेत होतो. तेथे एक प्रश्नावली येऊन पडते. वरिष्ठ तिच्यावर शेरा मारून ती खाली पाठवितात आणि शेवटी ती ज्याच्या टेबलावर स्थिरावते त्या लिपिकाला संशोधनाची व्याख्या कोणी समजावून सांगितलेली नसते. अंदाजपत्रकात संशोधन या नावाचे लेखाशीर्ष असेल तर ती रक्कम उतरविली जाते. नसेल तर रकाना रिकामा राहतो किंवा गेल्या वेळचा आकडा थोडा वाढवून लिहिला जातो. यात त्या लिपिकाचा दोष नाही. ज्या कामाचे महत्त्व वरिष्ठांना वाटत नाही, ते खालच्याने जीव तोडून करावे अशी अपेक्षा व्यर्थ आहे. पण राष्ट्राच्या धोरणाचा पाया अशा टेबलांवर घातला जातो, हे विसरता कामा नये.

शिक्षकाच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन करावयाचे असते. तयारी, परीक्षा, पेपरतपासणी आणि नाना समित्यांची कामे यांतून उरलेल्या वेळात तो संशोधन करतो. मोजणीच्या शास्त्राने यावर उपाय काढला आहे. वेळेचा चौथा भाग संशोधनाला देणारे चार शिक्षक मिळून एक पूर्णवेळ संशोधक मानावयाचा. पण हा चौथा भाग की दहावा, हे शिक्षकांच्या वेळेची प्रामाणिक पाहणी केल्याशिवाय कळत नाही. पाहणी न करता सर्वांना एकच गुणक लावला तर रात्री जागून प्रयोग करणारा आणि दहा वर्षांत एक ओळ न लिहिलेला, दोघेही सारखेच संशोधक ठरतात.

विद्यार्थ्याची गत याहून विचित्र आहे. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून निवडलेल्या कनिष्ठ अधिछात्राला जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळू लागले. ही रक्कम देशाच्या संशोधनखर्चात येते. त्याच प्रयोगशाळेत, त्याच मार्गदर्शकाकडे, अधिछात्रवृत्तीविना पीएच.डी. करणारा आणि उदरनिर्वाहासाठी तासिका तत्त्वावर शिकविणारा विद्यार्थी असतो. डोक्यांच्या गणनेत तो कदाचित येईल, पण खर्चाच्या रकान्यात त्याच्या नावापुढे शून्य असते. त्याने स्वतःच्या खिशातून आणलेली रसायने, छापून घेतलेले प्रबंधाचे खंड आणि गमावलेली कमाई यांची बेरीज कोठेच होत नाही. देशातील संशोधनाचा काही भाग अशा मुकाट त्यागावर उभा आहे, आणि तो दिसत नाही म्हणून त्याला आधार देण्याची गरजही कोणास भासत नाही.

उद्योगांच्या आकड्यांवर आणखी एक सावली आहे, ती कराची. कंपनीने आपल्या प्रयोगशाळेत केलेल्या मान्यताप्राप्त संशोधनखर्चावर आयकरात प्रत्यक्ष खर्चाहून अधिक वजावट देण्याची सवलत १९९७ मध्ये आली. प्रथम सव्वापट, पुढे दीडपट आणि २०१० च्या अर्थसंकल्पाने दुप्पट. २०१७ पासून ती पुन्हा दीडपटीवर आली आणि एप्रिल २०२० पासून जादा वजावट संपली. सवलतीमागचा हेतू चांगला होता. परंतु खर्चाला संशोधन असे नाव दिल्याने कर वाचत असेल, तर ते नाव देण्याचा मोह होणारच. आणि सवलत संपताच ते नाव लिहिण्याची तसदी कमी होणार, हेही तितकेच स्वाभाविक. मग खाजगी क्षेत्राचे संशोधन खरोखर वाढले वा घटले, की केवळ लेखनाची पद्धत बदलली, हे कसे ओळखावे? करसवलत काढली गेली ते वर्ष आणि ज्याचा आकडा आज सर्वत्र उद्धृत होतो ते वर्ष एकच आहे, एवढी गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवली तरी पुरे.

टक्केवारीचा भुलावा

शेकडा ०.६४ हा अपूर्णांक आहे, आणि अपूर्णांकाला छेद असतो. २०१०-११ मध्ये देशाचा संशोधनखर्च सुमारे ६०,२०० कोटी रुपये होता. दहा वर्षांत तो दुपटीहून अधिक झाला. तरीही टक्केवारी घटली, कारण त्याच काळात राष्ट्रीय उत्पादनाचा रुपयांतील आकडा त्याहून वेगाने वाढला. म्हणून शासन रुपयांचा आकडा सांगून वाढ दाखविते आणि टीकाकार टक्केवारी सांगून घट दाखवितात; दोघेही खरे बोलतात. यातली महागाई वजा केली तर खरी वाढ किती उरते, हा तिसरा प्रश्न दोघेही टाळतात.

२००३ च्या विज्ञान व तंत्रज्ञान धोरणाने दहाव्या पंचवार्षिक योजनेच्या अखेरीस हा खर्च शेकडा दोनवर नेण्याचे ठरविले होते. २०१३ च्या धोरणाने तेच उद्दिष्ट पुन्हा सांगितले. २०२०-२१ मध्ये ते गाठावयाचे तर जवळजवळ चार लक्ष कोटी रुपये, म्हणजे प्रत्यक्षाच्या तिप्पट, खर्च करावे लागले असते. जे उद्दिष्ट वीस वर्षे त्याच शब्दांत लिहिले जाते आणि त्याच्याकडे जाण्याऐवजी देश त्यापासून दूर सरकतो, ते उद्दिष्ट न राहता उपचार बनते.

खर्च कोण करतो हे पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. २०२०-२१ मध्ये केंद्र सरकारचा वाटा शेकडा ४३.७, खाजगी उद्योगांचा ३६.४, उच्चशिक्षणाचा ८.८, राज्य सरकारांचा ६.७ आणि सार्वजनिक उद्योगांचा ४.४ होता. पुढारलेल्या बहुतेक औद्योगिक राष्ट्रांत उद्योगांचाच वाटा सर्वांत मोठा असतो. केंद्राच्या प्रमुख वैज्ञानिक संस्थांच्या खर्चात संरक्षण संशोधनाचा भाग शेकडा ३०.७, अवकाश विभागाचा १८.४ आणि अणुऊर्जेचा ११.४ होता. तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अंबरनाथची नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळा ही ठाणेकरांना ऐकून माहीत असलेली उदाहरणे याच भागात येतात. हे संशोधन राष्ट्राला आवश्यक आहे याविषयी दुमत नाही. पण भाताच्या खाचरात, कापडाच्या मागावर किंवा महापालिकेच्या रुग्णालयात ज्याचा उपयोग व्हावा अशा संशोधनाच्या वाट्याला काय उरते, हे एका राष्ट्रीय टक्केवारीतून कळत नाही. महाराष्ट्रातील राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील चार कृषी विद्यापीठांचे काम ज्या राज्यशासनाच्या पैशावर मुख्यतः चालते, त्या राज्यांचा सर्वांचा मिळून वाटा सात टक्क्यांच्याही आत आहे.

माणसांच्या मोजणीने हेच चित्र अधिक जवळ येते. २०२० मध्ये भारतात दर दहा लाख लोकसंख्येमागे २६२ संशोधक होते. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाख ४१ हजारांवर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाख ४७ हजारांवर होती. राष्ट्रीय सरासरी लावली तर ठाण्याच्या वाट्याला सुमारे ४८० आणि कल्याण-डोंबिवलीच्या वाट्याला सुमारे ३२५ संशोधक येतात. दक्षिण कोरियात हे प्रमाण दर दहा लाखांमागे आठ हजारांहून अधिक आहे. त्या मापाने एकट्या ठाण्यात पंधरा हजार असावे लागतील. प्रत्यक्षात ठाण्यात किती आहेत? या साध्या प्रश्नाचे उत्तर राष्ट्रीय पुस्तिकेत सापडत नाही, कारण तीत जिल्हावार कोष्टक नाही. ज्या जिल्ह्यात गाई-म्हशींची गणना होते, तेथे संशोधकांची होत नाही.

मोजून काय होणार?

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. संशोधन पैशाने मोजता येत नाही. एखाद्या प्रतिभावंताने कागद-पेन्सिलीने केलेले गणित कोट्यवधींच्या यंत्रसामग्रीहून मोलाचे असू शकते. आणि मोजणीचा सोस वाढला की शोधांऐवजी निबंधांची संख्या वाढते, असे काही जण म्हणतात. महाविद्यालयांतील बढतीसाठी छापल्या गेलेल्या निबंधांचा ढीग पाहता या म्हणण्यात तथ्य आहे. खर्चाचा आकडा हा शेतात किती बियाणे पेरले याचा आकडा आहे, पीक किती आले याचा नव्हे, हेही कबूल केले पाहिजे. परंतु बियाणेच किती पेरले हे ज्याला ठाऊक नाही, त्याला पिकाबद्दल बोलण्याचा अधिकार कसा पोहोचतो? मोजमाप नसल्याचा तोटा प्रतिभावंताला होत नाही. तो सामान्य शिक्षकाला आणि होतकरू विद्यार्थ्याला होतो. ज्याची नोंद नाही त्याच्यात कपात केली तर ओरड होत नाही.

ही गोष्ट आता अधिक तातडीची झाली आहे. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. पाच वर्षांत त्यामार्फत ५०,००० कोटी रुपये उभे राहावेत आणि त्यांपैकी ३६,००० कोटी शासनेतर मार्गांनी यावेत अशी कल्पना मांडली गेली. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने खाजगी क्षेत्रातील संशोधनासाठी एक लक्ष कोटी रुपयांच्या योजनेला मान्यता दिली. तीत दीर्घ मुदतीचे, अल्प किंवा शून्य व्याजाचे अर्थसाहाय्य मुख्य आहे. येथे हिशेबाची कसोटी लागणार आहे. परत फेडावयाचे कर्ज हे शासनाचा संशोधनखर्च नव्हे. ते कर्ज घेऊन कंपनीने प्रयोगशाळेत जे प्रत्यक्ष खर्चले तेवढेच संशोधन. देणाऱ्याने एकदा आणि खर्चणाऱ्याने पुन्हा एकदा तीच रक्कम मोजली तर टक्केवारी वाढेल, संशोधन वाढणार नाही.

तेव्हा करावयाचे काय? पहिली गोष्ट, आकडे दरवर्षी आणि लौकर प्रसिद्ध झाले पाहिजेत. २०२०-२१ चे वास्तव २०२३ मध्ये कळणे म्हणजे ताप उतरल्यावर तापमापक लावणे होय. दुसरी, यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. २००८ चा सांख्यिकी संकलन कायदा हाताशी आहे, आणि २०१३ च्या कंपनी कायद्याखालील नियमांप्रमाणे कंपन्यांना संचालक मंडळाच्या अहवालात संशोधनखर्च सांगावाच लागतो. ही विखुरलेली माहिती एकत्र जुळविणे हे काम इच्छेचे आहे. तिसरी, प्रश्नावली पाठविण्यापूर्वी ती भरणाऱ्या लिपिकाला व लेखापालाला व्याख्येचे प्रशिक्षण मराठीतून मिळाले पाहिजे. चौथी, जिल्हावार आकडे दिले पाहिजेत.

या शेवटच्या कामासाठी दिल्लीची वाट पाहण्याचेही कारण नाही. प्राध्यापक धनंजयराव गाडगीळ यांनी गोखले संस्थेतर्फे १९३० च्या दशकात पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी घरोघरी अन्वेषक पाठवून केली. त्या वेळी संगणकही नव्हता आणि सरकारी अनुदानाचा ओघही नव्हता. ठाण्याचे बांदोडकर महाविद्यालय, कल्याणचे बिर्ला महाविद्यालय अशा संस्थांतील विज्ञान, वाणिज्य व अर्थशास्त्र या विभागांनी मिळून आपल्या जिल्ह्यातील प्रयोगशाळा, त्यांतील माणसे आणि त्यांचा वेळ यांची एक पाहणी हाती घेतली, तर विद्यार्थ्यांना सांख्यिकीचा खरा धडा मिळेल आणि जिल्ह्याला पहिल्यांदा स्वतःचा आकडा मिळेल. तो आकडा लहान असेल, कदाचित लाजिरवाणाही असेल. पण तो खरा असेल.

बाळकुमच्या रुग्णालयात त्या वर्षी रोज खाटांची मोजदाद होत असे: भरलेल्या किती, रिकाम्या किती. त्या आकड्यावर माणसांचे प्राण अवलंबून होते, म्हणून तो अचूक ठेवावा लागला आणि त्याच दिवशी कळवावा लागला. पुढच्या साथीत लस, औषध आणि तपासणीची साधने कोणाच्या दारात मागावी लागतील, हे देशाच्या प्रयोगशाळांत आज किती माणसे किती तास कशावर काम करीत आहेत यावर ठरणार आहे. खाटांइतक्याच काळजीने ती माणसे आणि ते तास मोजले गेले पाहिजेत.